रोज सकाळी शंभर मिली

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

गाडीखाली डाग. काळा, गोल, भाकरीएवढा. काल नव्हता. (काल मी पाहिलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.)

बोट लावून वास घेतला. इंजिन ऑइल. पाणी नाही, ब्रेक ऑइल नाही. मला हा फरक वासावरून कळतो, कारण आयटीआयला मोटर मेकॅनिकचं दीड वर्ष केलं आहे. उरलेलं अर्धं वर्ष कावीळ झाल्यामुळे राहिलं. कावीळ तीन आठवड्यांत बरी झाली होती, पण तोपर्यंत वर्ग बराच पुढे गेला होता आणि मला अर्धवट समजून बसायला आवडत नाही.

नाश्त्याला बाबांनी तारीख सांगितली. गुरुवार, २७ नोव्हेंबर. त्या दिवशी पौर्णिमाताईला पहिल्या बाळंतपणासाठी अकोल्याहून घरी आणायचं. तिला सातवा सुरू आहे. एक डिसेंबरला आठवा लागतो आणि आठव्यात आमच्याकडे बाईला प्रवास करू देत नाहीत. २७ नंतर मधे चांगला दिवस नाही, म्हणजे ती चुकली तर ताई सासरीच राहणार. आणायला भावाने मुराळी म्हणून जायचं असतं. सासरच्यांनी स्वतः आणून पोचवली तर गल्ली एवढंच म्हणते, 'सोडून गेले.' मग कोणी कितीही समजावून सांगो.

भाऊ मी एकटाच. बाबा आईला म्हणाले, 'जाईन ना नितेश गाडी घेऊन.' विचारलं नाही, सरळ धरूनच चालले. बाबांनी माझ्यावर टाकलेलं हे पहिलं मोठं काम. मी डागाचं सांगितलं. ते म्हणाले, 'शफीकच्या गॅरेजवर दाखव.'

संकल्प: शफीकभाईंना दाखवायचं नाही. स्वतः करायचं. हातात चोवीस दिवस आहेत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी ७.३०

संध्याकाळी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. आमची साईनगरची गल्ली अरुंद. त्यामुळे गाडीची पुढची चाकं गेटसमोरच्या सिमेंटच्या उतारावर चढवावी लागतात, मागची रस्त्यावर. पेपर घसरू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. सकाळी प्रत्येक थेंबाभोवती खडूने गोल काढून नंबर घातले. सतरा थेंब.

आई सडा टाकायला आली. म्हणाली, 'हे काय मांडून ठेवलं रे? कोनाचं पिंडदान हाय?' मी सव्वासातपर्यंत थांबायला सांगितलं. ती बादली घेऊन थांबली. बरोबर सव्वासातला तिने पेपरावरच सडा टाकला.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी १.००

बाबांनी दोनदा विचारलं म्हणून गाडी शफीकभाईंकडे नेली. वलगाव रोडवरच्या त्यांच्या पाटीवर 'शफिक आटो गॅरज सर्विसींग' असं लिहिलं आहे. स्वतःच्या नावासकट चार शब्द, चारही चुकीचे. मी कुरिअरच्या ऑफिसात पत्ते लिहितो. एका अक्षराने तिवशाचं पार्सल धारणीला जाऊन वाघ पाहून परत येतं, हे मला माहीत आहे. जो माणूस पाटी तपासत नाही तो इंजिन काय तपासणार?

त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला, फडक्याने इंजिनवरच्या झाकणाची कड पुसली. म्हणाले, 'टॅपेट कव्हरचं पॅकिंग वाळलं बाप्पा. पापड झाला त्याचा. बस, चाय पी, तासाभरात बदलतो.'

सगळं मिळून एक मिनिट. मी दोन दिवस अभ्यास केला होता. एका मिनिटात सांगितलेला आजार बरोबर असला तरी तो जबाबदारीने सांगितलेला नसतो. मी ड्यूटीचं कारण सांगितलं. ते म्हणाले, 'मंग उद्या आन. नाई आनली तरी अकोल्याले जाऊन येशीन. एवढ्यानं काई होत नाई.'

घरी बाबांनी विचारलं, 'दाखवली का?' मी म्हणालो, 'दाखवली. त्यांनी हात लावला.' यात खोटं काही नाही. फडक्याने पुसलं तेव्हा हात लागलाच होता. बाबांनी त्याचा अर्थ 'दुरुस्त झाली' असा घेतला. तो त्यांनी घेतला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

गंभीर. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा पाहिली. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! शफीकभाईंनी पट्टी पाहिलीसुद्धा नव्हती.

लगेच २०० मिली टाकलं. नवीन रजिस्टर सुरू केलं. तारीख, वेळ, पातळी, टाकलेलं ऑइल, शेरा. रेघा लाल पेनाने मारल्या. गाडीतच ठेवलं, म्हणजे नोंद चुकणार नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

पुन्हा खाली. १०० मिली.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ६.४०

पुन्हा खाली. १०० मिली. शेऱ्यात लिहिलं: इंजिन ऑइल पीत आहे.

यापुढे रोज एकाच वेळी, एकाच जागी, थंड इंजिनवर पाहायचं. मोजमापात चूक राहायला नको.

रविवार, ९ नोव्हेंबर. सायंकाळी ५.००

आई-बाबा तिवशाला तेरवीला गेले होते. योग्य संधी. नवीन पॅकिंग आणून ठेवलंच होतं. (शफीकभाईंचं निदान मान्य केलं असं नाही. फक्त एक शक्यता निकालात काढायची होती.)

कव्हरला सहा नट. चार निघाले. पाचव्याचं डोकं घासून गोल झालं. मोबाईलवरच्या व्हिडिओत तो माणूस म्हणाला, 'असं झालं तर अजिबात घाबरायचं नाही,' आणि तिथे जाहिरात लागली. आईचं उलथणं घालून कव्हर एका बाजूने उचलून पाहिलं. कव्हर थोडं उचललं गेलं. उलथणं जास्त वाकलं. मग सगळे नट परत बसवले.

आजची प्रगती: पॅकिंग बदललं नाही, पण ते आता घरात आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ६.४०

थेंब मोजता येत नाहीत. एकमेकांत मिसळले. डाग पोळपाटाएवढा. आजार आतून बाहेर आला, असं समजायला हरकत नाही. कव्हरभोवती लाल सिलिकॉनची अख्खी ट्यूब लावली. केकसारखं दिसतं. १५० मिली टाकलं.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आईने उलथण्याबद्दल विचारलं. उष्णतेने वाकलं असेल, असं म्हणालो. ती म्हणाली, 'पंचवीस वर्सं भाकरी पलटवल्या त्यानं. याच म्हयन्यात गरम झालं काय?'

गाडीकडे गेलो. १०० मिली.

शनिवार, १५ नोव्हेंबर. सकाळी ९.००

गाडी सुरू केली की मागून निळसर धूर येतो. शेजारचा विपुल गच्चीवरून ओरडला, 'नित्या, फवारणी सुरू केली का बे? पाय, गल्लीतले सारे डास गेले!' थंडीमुळे होतं, असं त्याला समजावलं. तो बनियनवर उभा होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर. रात्री ८.००

डाग परातीएवढा. आज बाबांनी पाहिला.

गुडघे दुखतात तरी खाली बसले, बोट लावलं, बराच वेळ बोटाकडे पाहत राहिले. म्हणाले, 'शफीकनं तर नीट करून देल्ली होती ना?'

मी म्हणालो, 'त्यांनी हात लावला तेव्हापासूनच वाढलं.'

तारखांच्या दृष्टीने हे वाक्य बरोबर आहे. रजिस्टरवरून सिद्ध करता येईल.

बाबा आणि शफीकभाईंची ओळख तीस वर्षांची. ताईच्या लग्नात याच गाडीला त्यांनी स्वतः झेंडूच्या माळा लावल्या होत्या आणि पाठवणीच्या वेळी बाबांपेक्षा जास्त तेच रडले होते. बाबांनी माझ्यासमोर त्यांना फोन लावला. म्हणाले, 'शफीक, या गाडीत मले पोरगी आनाची हाय. सातव्यातली पोरगी. अन् तू असं काम करून देतं?' पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग काहीतरी छोटंसं आलं. बाबांनी फोन ठेवला आणि आईला म्हणाले, 'म्हनते, आनून दे, पायतो. सफाई बी देत नाई. म्हंजे चूक हाय त्याची.'

मला बोलता येईल अशा जागा तीन होत्या. एक, फोन लावण्याआधी. दोन, बाबा फोन धरून थांबले होते तेव्हा. तीन, नंतर त्यांनी पाणी मागितलं आणि मी नेऊन दिलं तेव्हा. तीनही वेळा परिस्थिती अनुकूल नव्हती. भलत्या वेळी सांगितलेलं खरंसुद्धा गैरसमज वाढवतं.

बाबा म्हणाले, 'आता त्याच्याकडे नेऊ नको.' म्हणजे माझं काम सोपं झालं.



शुक्रवार, २१ नोव्हेंबर. सकाळी १०.१५

यश! पातळी प्रथमच खालच्या खुणेला टेकली. शेरा हिरव्या पेनाने लिहिला.

बडनेऱ्यापर्यंत टेस्ट घेतली. जाऊन-येऊन कुठेही अडचण नाही. ऑइलचा लाल दिवा एकदा लागल्यासारखा वाटला, पण तो काचेवरून आलेला उन्हाचा कवडसा असावा. धूर आहे, पण मागे आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर. दुपारी २.२०

ऑफिसात ताईचा फोन. म्हणाली, बॅग भरून पंधरा दिवस झाले. सासूबाई मैनाबाई चांगल्या आहेत, पण पायात गोळे आले की कोणाला हाक मारावी याचा संकोच वाटतो. 'आईले लाथ मारून उठवता येते रे,' म्हणाली. हसली.

मग विचारलं, 'गाडी नीट हाय ना?' मी म्हणालो, 'फर्स्ट क्लास.' ती म्हणाली, 'तू फर्स्ट क्लास म्हनतं तवाच मले भेव वाटते. आयटीआयचं बी आखरीपर्यंत फर्स्ट क्लासच चालू होतं.' पुढे म्हणाली, 'हे पाय, नसन नीट तर सांग. मी इथून टॅक्सी सांगतो, तू फक्त बसून ये. बाबाले माहीत बी नाई पडनार.'

मला वाईट वाटलं. मुराळी टॅक्सीने येत नसतो, असं सांगून फोन ठेवला. ठेवल्यावर जरा वेळ फोनकडे पाहत होतो. ती पुन्हा करेल असं वाटलं. नाही केला.

बुधवार, २६ नोव्हेंबर. सायंकाळी ७.००

तयारी पूर्ण. गाडी धुतली. मागच्या सीटवर आईने गोधडी, दोन उशा, पाण्याची बाटली, लिंबू, आवळासुपारी ठेवली. अकोल्याला न्यायची पिशवी वेगळी. दोनशे किलोमीटरचा प्रवास म्हणून ४०० मिली आगाऊ टाकलं. आजपर्यंत एकूण दोन लिटर साडेसातशे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सकाळी ७.५०. निघतो. आईने ओवाळलं. बाबा उतारापर्यंत आले, खिडकीतून खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, 'जाताना कसाबी जा. येताना खड्डे पाहून चालव.' दहावी पास झालो तेव्हा असा हात ठेवला होता.

सकाळी ९.२५. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला उभा आहे. आधी आरशात मागचा ट्रक दिसेनासा झाला. मग ट्रकवाल्याने पुढे येऊन हाताने काहीतरी खूण केली. मग लाल दिवा लागला. ऊन समोरून नव्हतं. इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज. खाली थेंब नाहीत. धार आहे.

सकाळी १०.०५. कोणाला फोन करावा याची यादी केली. बाबा: नाही. विपुल: गल्लीला कळेल. ताई: नाही. यादीत चौथं नाव लिहायला पंचवीस मिनिटं लागली.

सकाळी १०.१०. शफीकभाईंना फोन केला. त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, 'बंद कर. चाबी खिशात ठेव. आता हात लावू नको. काई म्हंजे काईच लावू नको. येतो.'

सकाळी १०.३०. ताईचा फोन. दीडला राहुकाळ लागतो, त्याआधी निघायचं आहे, तू कुठे पोचलास? मी म्हणालो, 'मूर्तिजापूरच्या पुढं. पंक्चर झालं.' ती म्हणाली, 'चारी टायर का?' मागून मैनाबाईंनी विचारलं, मुराळी कुठवर आला. ताईने सांगितलं, 'येऊन राह्यला. रस्त्यातच हाय.' तिचा आवाज मोठा होता. खोटं बोलताना ती लहानपणापासून मोठ्याने बोलते.

दुपारी १२.१०. शफीकभाई पिकअप घेऊन साडेअकराला आले. आल्या आल्या पट्टी ओढली. पुसली. पुन्हा घालून ओढली. मग माझ्यासमोर धरली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, पट्टी धरायच्या कडीच्या जवळ. म्हणाले, 'हे इंजिन हाय का विहीर रे?'

मी रजिस्टर काढून दाखवलं. रोजची नोंद आहे, पातळी रोज कमीच होती. त्यांनी बोट फिरवत पहिल्या पानापासून वाचलं. विचारलं, 'हे रोज कुठं पायत होता?' घरी. 'घरी कुठं?' गेटसमोर. उतारावर.

त्यांनी आपला हात कोपरापासून तिरपा धरला आणि सांगितलं की गाडी पुढून उचललेली असली की ऑइल मागे जातं. पट्टी पुढे. ती कमीच दाखवणार. ऑइल कधी कमी नव्हतंच. जास्त झालं, आत मावेना, त्याने मागचं सील फोडलं. 'पॅकिंगमधून दिवसाले चमचाभर बी गेलं नसन. अन् हा रोज शंभर मिली! लेकराले दूध पाजल्यासारखं!' ते हसत हसत किलोमीटरच्या दगडावर बसले. डोळे पुसले. मीही हसलो. हसणं तेव्हा बरोबर वाटलं.

मग ते थांबले. म्हणाले, 'अन् तुह्या बापाले, महादेवरावले, काय सांगितलं रे तू? मी काय केलं म्हनून?'

मी म्हणालो, तुम्ही हात लावला एवढंच.

ते म्हणाले, 'हाव. फडक्यानं पुसलं होतं.' आणि गाडीखाली शिरले. जास्तीचं ऑइल काढलं. दोन लिटरची पाण्याची बाटली भरली आणि तरी उरलं. रजिस्टर माझ्या हातात परत देताना म्हणाले, 'अक्षर लय सुंदर हाय तुहं.' टोमणा असता तर बरं झालं असतं.

दुपारी १.१५. मूर्तिजापूर स्टँड. घाईत लिहितो. पाऊण वाजता अकोल्याकडून ताईच्या सासऱ्यांची गाडी आली. उत्तमराव स्वतः चालवत होते, मागे ताई. राहुकाळाच्या आत घराबाहेर पडायचं म्हणून निघाले आणि मी सांगितलेल्या जागेवर थांबले. मी रस्ता ओलांडून गेलो. हात ऑइलचे होते म्हणून पाया पडताना जमिनीला हात लावला.

उत्तमराव म्हणाले, 'सोडाले नाई आलो मी. आमच्यात सून सोडत नसतेत. मुराळी तू हाय, तूच ने.' मग आमच्या गाडीकडे पाहिलं. म्हणाले, 'पन कायच्यात नेतं?'

मी हात पँटला पुसले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. मग स्वतःच्या गाडीची चाबी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, मूर्तिजापूरला मला उतरव, मी यष्टीने परत जातो. सासरा गाडीत दिसला नाही म्हणजे झालं. 'गाडी दोन दिवसांनी श्याम येऊन घेऊन जाईन.' श्याम म्हणजे ताईचे मिस्टर.

अडुसष्ट वर्षांचा माणूस आत्ता समोर हातात कापडी पिशवी घेऊन अकोल्याच्या बसमागे पळतो आहे. कंडक्टरने थांबवली. चढले.

दुपारी ३.४५. घरी. ताई बडनेऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली. बडनेऱ्याला म्हणाली, 'पंक्चर निघालं का?'

गल्लीतल्या बाया भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. सगळ्यांनी आधी नंबर प्लेट वाचली. एमएच तीस, अकोल्याची. विपुलला दम निघाला नाही. 'नित्या, नंबर बी बदलवला का बे?' बाबांनी प्लेट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. ताई उतरता उतरता मोठ्याने म्हणाली, 'उन्हाचा तरास नको म्हनून मामाजीनं एसीची गाडी देल्ली.' (सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.) आईने तिच्यावरून भाकर ओवाळून टाकली. ताईने डोळे मिटले होते. ती घरी आली, ही मुख्य गोष्ट.

सायंकाळी ६.३०. मुख्य गोष्ट ती नव्हती.

साडेपाचला शफीकभाई आमची गाडी दोर बांधून घेऊन आले. बाया चहाला थांबलेल्या. बाबा खुर्चीतून उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, 'पाहा. हे काम हाय याचं. तीस वर्सं याच्या भरोशावर राहिलो.'

शफीकभाई दोर सोडत होते. सोडून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता, सहा कप. ते थांबले. वेळ घड्याळात पाहिला नाही, पण पुरेसा होता. एक वाक्य दोनदा बोलून झालं असतं.

मग ते म्हणाले, 'हाव महादेवराव. माह्याकडूनच राहिलं. सील बदलवून देतो.' आणि चहा न घेता गेले. त्यांचा कप ट्रेमध्येच राहिला. कोणाचा आहे म्हणून आईने विचारलं. मी म्हणालो, जास्तीचा आहे.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर. दुपारी १२.००

सकाळी ६.४० ला बाबांना सांगितलं. सगळं. तारीखवार.

ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, 'कालच समजलं मले. गाडीतली उशी काढाले गेलो तर तुही ऑइलची वही दिसली. सारं लिहून हाय. सहा तारखेपासून सत्तावीसपर्यंत शफीकचं नाव कुठंच नाई.' वस्तरा धुतला. म्हणाले, 'मंग मी वाट पाहून राह्यलो का तू कवा सांगतं. चहा झाला, जेवन झालं.'

मी म्हणालो, आत्ता सांगितलं ना. ते म्हणाले, 'हाव. आत्ता सांगितलं.'

वलगाव रोडला दोघं ऑटोने गेलो. मी अकरा ओळींचा माफीनामा लिहून नेला होता. त्याआधीच बाबांनी गिऱ्हाइकांसमोर शफीकभाईंचे दोन्ही हात धरले. शफीकभाई म्हणाले, 'अबे हात काळे होतीन तुहे.' तरी बाबांनी सोडले नाहीत. मी तिसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. शफीकभाई म्हणाले, 'बस कर रे बाप्पा, चाय थंडी होऊन राहिली.'

परत येताना बाबा ऑटोत ड्रायव्हरशेजारी बसले. मागे जागा होती.

शनिवार, ६ डिसेंबर

गाडी आली. सील बदललं, पॅकिंगही. मी आणलेलंच लावलं, साईज बरोबर निघाली, असं शफीकभाईंनी मुद्दाम सांगितलं. गाडीखाली डाग नाही. चाबी बाबांच्या शर्टाच्या खिशात असते. आंघोळीला जाताना ते शर्ट बरोबर नेतात.

रविवार, १८ जानेवारी

बाबांनी रात्री कामं वाटून दिली. वेळ आली की गाडी शफीकभाई चालवतील. त्यांनी स्वतःच सांगितलं, केव्हाही फोन कर. आई ताईजवळ. बाळंतपणाची पिशवी विपुलकडे ठेवायची, लागली तर तो मोटरसायकलने पोचवेल. मी विचारलं, मी? बाबांनी विचार केला. म्हणाले, 'तू घरी राय. फोन उचल. अकोल्याले निरोप दे.'

नीट पाहिलं तर सगळ्यांत जबाबदारीचं काम हेच आहे. बाकीचे सगळे फक्त ये-जा करणार. माहिती एकाच जागी गोळा होणार.

गुरुवार, २९ जानेवारी

सकाळी ९.१५. निघाले. शफीकभाईंनी गाडी इतकी हळू काढली की गोधडीचं टोकसुद्धा हललं नाही. ताईने खिडकीतून मला हात केला.

सकाळी ९.३०. फोन चार्जिंगला लावला. ऑफिसला सुट्टी टाकली. उत्तमरावांचा नंबर भिंतीवर, वहीत आणि हातावर लिहिला.

सकाळी १०.४५. निरोपाचा मजकूर तयार केला. 'सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यास आनंद होतो की,' पुढे मुलगा आणि मुलगी असे दोन्ही प्रकार. वजनाची आणि वेळेची जागा कोरी सोडली. शुद्धलेखन तपासलं.

दुपारी १२.२०. रेंज आहे. घंटीचा आवाज पूर्ण.

दुपारी १.३०. बाथरूमला गेलो नाही.

दुपारी २.५०. विपुल कुंपणावरून ओरडला, 'मामा झाला ना बे तू! आतमधी काय करून राह्यला? पोट्टी झाली पोट्टी!' तो पिशवी पोचवून परत आला होता. बाबांनी पिशवीसाठी त्याला फोन केला, त्याच फोनवर सांगितलं. अकोल्याला त्यानेच कळवलं. उत्तमरावांचे तिकडे पेढेसुद्धा वाटून झाले. मी विचारलं, किती वाजता? तो म्हणाला, 'झाला असन तासभर.'

दुपारी ३.०५. फोन तपासला. चालू आहे. शंभर टक्के.

दुपारी ३.२०. विपुलला विचारून कोऱ्या जागा भरल्या. मुलगी. वजन दोन किलो आठशे. वेळ एक सत्तेचाळीस. दोघी सुखरूप. मजकूर पुन्हा एकदा वाचला, चूक नाही. हा निरोप अजून कोणाला कळवायचा राहिला आहे का, ते आठवून पाहिलं.

कोणीच राहिलं नाही.